डाव्या मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर पियानोवर परतताना रचना कशा निवडाव्यात?

दांडियाबाजारकर, १९ मार्च, रात्री ९.४०

यंदाच्या उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, गच्चीवरून खाली येताना माझा पाय दोऱ्याच्या गुंत्यात अडकला आणि मी डाव्या हातावर पडले. पतंग मी उडवत नव्हते. नातवाची फिरकी तेवढी धरली होती आणि ती त्याच्या हाती देऊन उंधियू गरम करायला निघाले होते. मनगटाजवळच्या मोठ्या हाडाला फ्रॅक्चर झाले. हाड जागचे सरकले नव्हते म्हणून शस्त्रक्रिया टळली, पण सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाल्याला आता तीन आठवडे झाले आहेत.

माझे वय एकसष्ट आहे. लहानपणी फत्तेगंजमधल्या एका बाईंकडे दहा वर्षे पियानो शिकले, मग बँकेची नोकरी आणि संसार यांत तो सुटला, आणि निवृत्तीनंतर एक जुना उभा पियानो विकत घेऊन गेली सहा वर्षे नियमाने वाजवते आहे. पडण्यापूर्वी मी बेथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाची पहिली गती, म्हणजे पहिला भाग, पाठ केलेली होती. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘वाजवा, पण जपून.’’ जपून म्हणजे काय, हे त्यांना विचारण्याआधीच पुढचा रुग्ण आत आला होता.

‘मूनलाइट’ संथ आहे, म्हणून तीच सोपी पडेल असे समजून मी परवा तिच्यापासून सुरुवात केली. पाचव्या बारापर्यंत, म्हणजे नोटेशनमधल्या लयीच्या पाचव्या कप्प्यापर्यंत, पोहोचेस्तोवर करंगळीच्या बाजूला मनगट ठणकू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे पातेले उचलतानाही ते दुखत होते. बोटे सकाळी आखडलेली असतात. दोन्ही हातांची ओंजळ केली तर डावीकडून पाणी गळून जाते, कारण तो तळवा अजून पुरता उताणा होत नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की, अशा अवस्थेत कोणत्या रचना घ्याव्यात आणि त्या कोणत्या कसोटीवर निवडाव्यात. ‘सोप्या रचना’ असे शोधले की लहान मुलांची पुस्तके समोर येतात, आणि त्यांतल्या काही गोष्टी माझ्या हाताला ‘मूनलाइट’पेक्षाही जड गेल्या.

पालथा_उताणा, १९ मार्च, रात्री ११.१५

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, पियानोवादक नाही. त्यामुळे रचनांविषयी जाणकारांनी बोलावे. हाताविषयी मात्र काही सांगता येईल.

पियानो वाजवताना तळवा पूर्ण पालथा असावा लागतो. प्लास्टरनंतर हात उताणा करणे बहुधा अधिक अडते, हे आपल्या ओंजळीवरून दिसतेच. पण पालथा करणेही थोडे कमी पडत असते आणि ते आपल्या लक्षात येत नाही, कारण उरलेली कसर आपण कोपर बाहेर काढून आणि खांदा उचलून भरून काढतो. वाजवत असताना कोणाला तरी मागून बघायला सांगा. डावे कोपर उजव्यापेक्षा बाहेर आलेले दिसले, तर मनगट स्वतःचे काम खांद्यावर ढकलते आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट बैठकीची आहे. स्टूल बुटके असेल तर मनगट मागे मोडल्यासारखे राहते, आणि या फ्रॅक्चरनंतर नेमकी तीच हालचाल उशिरा परत येते. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल इतके उंच बसावे. घरातली सतरंजी घडी करून स्टुलावर टाकली तरी काम होते.

दुखण्याचे माप दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे. वाजवताना थोडे ओढल्यासारखे होणे चालेल. पण सकाळी दुखणे किंवा सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर आदल्या दिवशीचे वाजवणे जास्त झाले. हाड जुळायला सहा आठवडे लागतात, तरी पकडीतली ताकद यायला कित्येक महिने जातात आणि सुधारणा वर्षभर चालू राहू शकते.

तीन लक्षणांत मात्र पियानो बंद करून आपल्या डॉक्टरांकडे जावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या किंवा बधिरपणा येणे, हे एक. मूळ दुखापतीशी न शोभणारी जळजळ, हाताचा रंग आणि उष्णता बदलणे, घाम येणे, हे दुसरे. तिसरे कमी लोकांना ठाऊक असते: हाड न सरकलेल्या अशाच फ्रॅक्चरमध्ये अंगठा वर उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, झिजून काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही, अचानक तुटू शकते. तळवा टेबलावर पालथा ठेवून अंगठा एकटा छताकडे उचलता येतो का, हे रोज पाहत जा.

जुना_मेट्रोनोम, २० मार्च, सकाळी ७.०५

इतकी चर्चा कशाला हवी? परतणाऱ्याने हॅननचे बोटांच्या व्यायामांचे पुस्तक घ्यावे, ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठवर लावावा आणि पहिल्या दहा पाठांपासून सुरुवात करावी. बोटे आपोआप सुटतात. रचनांचा विचार दोन महिन्यांनी करावा. आमच्या वेळी असेच शिकवीत असत.

खर्जातला_सा, २० मार्च, दुपारी ३.३०

मी इंदूरला पियानो शिकवतो आणि दुखापतीनंतर परतलेले तीन विद्यार्थी माझ्याकडे होते, म्हणून सविस्तर लिहितो. मेट्रोनोमकाकांची क्षमा मागून सुरुवातीलाच सांगतो की, नुकत्या प्लास्टरमधून निघालेल्या हाताला हॅनन देऊ नये. १८७३ सालच्या त्या पुस्तकात साठ व्यायाम आहेत आणि सरावल्यावर ते सगळे तासाभरात वाजवावेत असे प्रस्तावनेतच म्हटले आहे. एकच आकृती न थांबता सप्तकामागून सप्तक चढवायची आणि तशीच उतरवायची, दोन्ही हातांनी सारखी. त्यात दुखऱ्या हाताला श्वास घ्यायला जागा कुठेच नाही. निरोगी बोटांना त्याचा उपयोग होतो की नाही, हा वाद वेगळा.

ताई, ‘सोपी’ आणि ‘अवघड’ हे शब्द सध्या बाजूला ठेवावेत. पुस्तकांवरची श्रेणी वाचनाची, लयीची आणि वेगाची अडचण मोजते. ती तुमच्या मनगटाला विचारून ठरवलेली नसते. तुम्ही नोटेशनचे पान समोर घ्या, उजव्या हाताची ओळ कागदाने झाका आणि फक्त खालची ओळ पाहा. तिथे हाताला काय करावे लागते? पंजा किती फाकतो, पट्ट्या किती वेळ धरून ठेवाव्या लागतात, तोच ठोका किती वेळा येतो आणि हात आडवा किती सरकतो, एवढे पाहिले की निवड निम्मी झाली.

या नजरेने ‘मूनलाइट’ पाहा. पहिल्या चार बारांत डाव्या हाताला सहा पूर्ण सप्तके आहेत, म्हणजे खालचा आणि वरचा तोच स्वर एकदम, सगळी दाबून धरायची, आणि पाचव्या बारात त्यांच्या मधोमध आणखी एक स्वर येतो. एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला, मधले मनगट ताठ, आणि हे सगळे अगदी संथ लयीत, म्हणजे प्रत्येक ताण अधिक वेळ. तुम्हाला पाचव्या बाराशीच दुखले, याचे मला नवल वाटत नाही.

आता बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या पहिल्या खंडातले, १७२२ सालचे, सी मेजर स्वरश्रेणीतले पहिले प्रिल्यूड, म्हणजे छोटी रचना, घ्या. प्रत्येक अर्ध्या बारात डाव्या हाताला दोनच स्वर, तेही एकामागून एक, आणि उरलेले काम उजव्या हाताचे. मी मुद्दाम मोजून पाहिले आहे: पहिल्या वीस बारांत डावा हात पाच पट्ट्यांपलीकडे एकदाही उघडत नाही. दहाव्या, अठराव्या आणि विसाव्या बारात तो पाच पट्ट्यांपर्यंत जातो, एरवी त्याहून जवळच राहतो. एकविसाव्या बारात मात्र अचानक खालचा एफ आणि वरचा एफ, पुरते सप्तक येते, आणि तिथून पुढे हात वारंवार फाकतो. तेव्हा विसाव्या बारापर्यंत वाजवावे, थांबावे, आणि पुन्हा पहिल्यापासून यावे. एवढ्या भागातही संगीत पुरेसे आहे. बाखने डाव्या हाताचे स्वर धरून ठेवायला सांगितले आहे, ते सध्या पायाने दाबायच्या, स्वर टिकवणाऱ्या पेडलवर सोपवावेत.

त्याच्याही आधी, अगदी पहिल्या आठवड्यासाठी, बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’चा पहिला खंड घ्या. सहा खंडांत मिळून १५३ रचना आहेत आणि सुरुवातीच्या सहा रचनांत दोन्ही हात एकच धून, एका सप्तकाच्या अंतरावर, पाच बोटांत वाजवतात. अंगठा इतर बोटांखालून काढायचा प्रसंग येत नाही. आपल्याकडे याला मुलांचे पुस्तक समजून बाजूला ठेवतात. मोठ्या माणसाने ते कान देऊन वाजवले, तर उजवा हात डाव्याला शिकवतो आहे असे स्पष्ट ऐकू येते, कारण दोन्ही हातांना एकच वाक्य म्हणायचे असते आणि डाव्याचा अडखळा लपत नाही.

शोपँचे ई मायनर प्रिल्यूड, अठ्ठाविसाव्या ओपसमधले (रचनासंचातले) चौथे, हे मात्र सध्या टाळावे. पंचवीस बारांची छोटी रचना आहे, उजव्या हाताला जवळजवळ एकेक लांब स्वर आहे आणि डाव्याचा पंजा फारसा फाकतही नाही. म्हणून सगळे तिची शिफारस करतात. पण डाव्या हाताला बहुतेक प्रत्येक बारात आठ वेळा कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम, वाजवायची असते, हलकी, सारखी आणि न थांबता. फाकणे नाही, तरी ठोक्यांची मोजदाद करा. उजवा हात दुखावलेल्या माणसाला मी हीच रचना डोळे मिटून दिली असती.

दांडियाबाजारकर, २१ मार्च, सकाळी १०.२०

इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल आभारी आहे. काल सतरंजी घालून बसले आणि प्रिल्यूडचे वीस बार वाजवले. आज सकाळी दुखणे वाढलेले नाही. कोपर खरोखरच बाहेर येते. सुनेने मागे उभे राहून मोबाइलवर काढलेले चित्र मला दाखवले, तेव्हा मलाच ते दुसऱ्या कोणाचे तरी कोपर वाटले.

आणखी एक विचारते. ‘मूनलाइट’ मला पाठ आहे, प्रिल्यूड कधी वाजवलेले नव्हते. हाताला ओळखीची रचना आधी द्यावी की अनोळखी? शिवाय घरी मुलाचा एक साधा कीबोर्डही आहे, त्याच्या पट्ट्या फार हलक्या आहेत. त्यावर सुरुवात करावी का?

विश्वामित्रीकाठ, २१ मार्च, रात्री ८.५५

मी हार्मोनिअम वाजवतो; पियानो फक्त ऐकतो. पण ओळखीच्या रचनेविषयी माझा अनुभव येथे उपयोगी पडेल. चार वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणाला, मांजाने माझ्या उजव्या तर्जनीची कंडरा कापली. टाके घातल्यावर बारा आठवडे जोराचे काम बंद होते. मग मी ज्या नाट्यपदांची साथ पंचवीस वर्षे केली होती, तीच पुन्हा काढली, आणि तिथेच चुकलो. बोटांना ती पदे मूळच्या लयीतच आठवत होती. मी विलंबित सुरू केले तरी दुसऱ्या ओळीपर्यंत हात आपोआप जुन्या चालीत पळू लागे आणि तर्जनी तिथे पोहोचत नसे. मग मी तिच्या जागी मधले बोट घालू लागलो, ती सवय लागली, आणि ती सोडवायला दुखापतीपेक्षा जास्त वेळ गेला.

त्यानंतर मी कधी न वाजवलेल्या चिजा घेतल्या. बडोद्यात त्यांची कमतरता नाही. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली तेव्हापासून या शहराला स्वरलिपीत छापलेल्या चिजा वाचून वाजवायची सवय आहे. नव्या चिजेत हाताला जुनी आठवण नसते. जो वेग आपण देऊ तोच तिचा पहिला वेग. आणि ‘पूर्वी हे मला किती छान येत असे’ ही टोचणीही नसते, जी माझ्या मते कंडरेपेक्षा जास्त त्रास देते.

जाता जाता एक सांगतो. कोणी तुम्हाला ‘तोवर पेटी वाजवा, ती हलकी असते’ असा सल्ला दिला, तर घेऊ नका. पेटीचा भाता डाव्या हातानेच मारायचा असतो.

पालथा_उताणा, २१ मार्च, रात्री १०.३०

कीबोर्डविषयी: पहिले आठ-दहा दिवस हलक्या पट्ट्यांवर फक्त बोटे हलवायला हरकत नाही, आखडलेपणा कमी होतो. पण हात लवकर पियानोवर न्यावा, कारण हलक्या पट्टीवर आपण नकळत बोटे आपटायला शिकतो.

खर्जातला_सा, २२ मार्च, सकाळी ६.५०

पूर्ण सहमत. नीट जुळवलेल्या पियानोची पट्टी साधारण पन्नास ग्रॅम वजनाने खाली जाते आणि सेंटिमीटरभर खोल उतरते. एवढ्यासाठी हाताचे नुसते वजन पुरते, जोर लागत नाही. ते वजन कीबोर्डवर जाणवतच नाही. विश्वामित्रीकाठ यांनी ओळखीच्या रचनेविषयी जे लिहिले आहे, ते मी विद्यार्थ्यांना सांगतो त्याहून चांगले सांगितले आहे. जुनी रचना शेवटी, तीही बदललेल्या रूपात, एवढीच माझी पुस्ती.

जुना_मेट्रोनोम, २२ मार्च, सकाळी ९.१५

हॅननविषयी मी घाईने लिहिले, हे मान्य करतो. ताईंच्या फ्रॅक्चरकडे मी पुरेसे लक्ष दिले नव्हते. संगीतकार शूमनने विशीच्या सुरुवातीला अतिसरावाच्या काळात उजवा हात बिघडवून घेतला आणि वादक होण्याचे सोडून तो रचनेकडे वळला, हे मीच विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. संगीतकार स्क्रियाबिननेही अवघड रचनांच्या सरावात उजवा हात दुखावून घेतला आणि १८९४ मध्ये एकट्या डाव्या हातासाठी प्रिल्यूड आणि नॉक्टर्न लिहिले. पियानोवादक पॉल विटगेनस्टाइनचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला आणि त्याच्यासाठी संगीतकार राव्हेलने डाव्या हाताचा कॉन्चेर्तो (वाद्यवृंदासह वाजवायची रचना) लिहिला. ताईंचे दुर्दैव असे की, हे सगळे भांडार डाव्या हाताचे आहे आणि त्यांचा डावाच जायबंदी आहे. एकट्या उजव्या हातासाठी संगीतकार आल्कानचा एक एट्यूड (सरावरचना) आहे, पण तो माणसांसाठी लिहिला आहे असे वाटत नाही.

‘बदललेल्या रूपात’ या शब्दांना मात्र माझा आक्षेप आहे. बेथोव्हनने सप्तक लिहिले असेल तर सप्तकच वाजवावे. जमत नसेल तर दुसरी रचना घ्यावी.

खर्जातला_सा, २२ मार्च, दुपारी २.१०

काका, एक राहिले. सी. पी. ई. बाख यांची ए मेजरमधली एक छोटी रचना शीर्षकातच ‘एकट्या उजव्या किंवा एकट्या डाव्या हातासाठी’ अशी आहे. प्लास्टर चालू असलेल्या कोणीही, कोणत्याही हाताने, ती घ्यावी. ताईंनाही ती पुढे डाव्या हाताने वाजवून पाहता येईल, आणि तोपर्यंत उजवा हात ती शिकून बसलेला असेल.

आक्षेपाबद्दल असे आहे. ब्राम्सने १८७७ मध्ये बाखचा व्हायोलिनसाठीचा शाकोन ही रचना एकट्या डाव्या हातासाठी पियानोवर उतरवली आणि पियानोवादक क्लारा शूमनकडे पाठवली. ती पोहोचली तेव्हा क्लाराचा उजवा हात खण उघडताना लचकलेला होता. दहा बोटांनी भरगच्च कॉर्ड वाजवता येत असताना त्याने पाचच बोटे वापरली, कारण त्या अडचणीतच त्याला व्हायोलिनवादकाच्या जवळ गेल्यासारखे वाटत होते. मूळ रचनेचा मान त्याने कमी केला असे कोणी म्हणत नाही. मी ताईंना कार्यक्रमात वाजवायला सांगत नाही. दांडियाबाजारातल्या घरात, खिडकी लावून, ‘मूनलाइट’मधल्या सप्तकांतला खालचा एकच स्वर वाजवायला सांगतो आहे. पेडल दिले की तो बारभर टिकतो.

त्यातही एक बारकावा आहे. सप्तकातला खालचा स्वर एरवी करंगळीकडे असतो आणि ताईंना दुखते ते करंगळीच्याच बाजूला. स्वर एकटाच असेल तर करंगळीची सक्ती उरत नाही. तो मधल्या बोटाने घ्यावा, म्हणजे मनगट पंज्याच्या सरळ रेषेत राहते.

जुना_मेट्रोनोम, २२ मार्च, दुपारी ४.००

मधल्या बोटाचा मुद्दा बरोबर आहे. बाकीच्याबद्दल मी विचार करीन.

दांडियाबाजारकर, ११ मे, रात्री ९.००

सात आठवड्यांचा वृत्तान्त देते, कारण तुम्ही सर्वांनी इतके मनापासून लिहिले. ‘मिक्रोकॉसमॉस’चा पहिला खंड मी तीन आठवडे वाजवला. सुरुवातीला नातू हसत असे. नंतर तोच शेजारी बसून वरच्या सप्तकात वाजवू लागला. दिवसाला चार वेळा दहा-दहा मिनिटे, मध्ये किमान तासाभराचे अंतर, असा क्रम ठेवला आहे. दहा मिनिटे संपली की स्वयंपाकघरातला टायमर वाजतो आणि मी वाक्याच्या मध्यावरही उठते. हे सगळ्यांत कठीण गेले.

प्रिल्यूड आता शेवटपर्यंत जाते. एकविसाव्या बारातला खालचा एफ करंगळीने वाजवून मी पट्टी सोडून देते, पेडल तो धरून ठेवते, आणि हात उचलून वरच्या एफवर ठेवते. दोन्ही पट्ट्या एकदम धरायचा प्रयत्न अजून केलेला नाही.

मोझार्टच्या सी मेजर सोनाटाची, यादीतल्या क्रमांक के. ५४५ ची, पहिली गती मी एप्रिलअखेर घेतली होती, कारण डाव्या हाताला पाच-सहा पट्ट्यांतच खाली-वर-मध्ये-वर असे झुलायचे आहे. पंजा फाकत नाही, पण दोन ओळींतच हात दमला. असे का व्हावे?

पालथा_उताणा, ११ मे, रात्री १०.४५

कारण ते झुलणे बोटांचे नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडांचे आहे. दाराची मूठ फिरवावी तशी ती हालचाल असते, म्हणजे तीच पालथा-उताणा. तुमची ती अजून भरून यायची आहे. ती अडली की बोटे एकेकटी उचलावी लागतात आणि दमतात. ही रचना सोडू नका, पण निम्म्या वेगाने आणि दिवसाला चारच बार घ्या. तुमच्यासाठी ती व्यायामच आहे. ओंजळीतून पाणी गळते का?

दांडियाबाजारकर, ११ मे, रात्री १०.५०

थोडे गळते. अंगठा रोज छताकडे उचलून पाहते. तो व्यवस्थित उचलला जातो.

खर्जातला_सा, १२ मे, सकाळी ७.२०

आता तुम्हाला दोन रचना सुचवतो, ज्यांत मधली झुळझुळ दोन्ही हातांनी वाटून घ्यायची असते आणि डाव्या हाताला मधून मधून उसंत मिळते. एक, शूमनच्या ‘किंडरझेनेन’मधली, १८३८ सालची, पहिली रचना, दुसरी, ग्रीगच्या ‘लिरिक पीसेस’मधली पहिली, ‘अरिएटा’. दोन्ही एकेका पानाच्या आहेत. ‘किंडरझेनेन’चे पुस्तक घेतलेत की ‘ट्रॉयमराय’चे पान उघडायचा मोह होईल, तो आवरा, त्यात सप्तकाहूनही मोठे पसारे आहेत.

सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’, १८८८ सालची, याच्या बरोबरीने चालेल, पण एका अटीवर. तिच्यात डावा हात प्रत्येक बारात खालच्या एका स्वरावरून वरच्या छोट्या कॉर्डवर जातो. अंतर मोठे आहे. मात्र दोन्ही एकदम धरायचे नसल्याने पंजा मिटलेलाच राहतो. अट अशी की, कोपरासकट सगळा हात आडवा सरकला पाहिजे. मनगट जागेवर ठेवून पंजा बाजूला वळवून जर तुम्ही कॉर्ड गाठलीत, तर करंगळीच्या बाजूचे ते जुने दुखणे दोन दिवसांत परत येईल. लय इतकी संथ आहे की सरकायला भरपूर वेळ मिळतो, तेव्हा घाईची सबब नको.

विश्वामित्रीकाठ, १२ मे, रात्री ९.३०

या धाग्यामुळे मी काल ‘जिम्नोपेदी’ प्रथमच ऐकली. डावा हात तंबोऱ्यासारखा चालतो आणि वरची धून त्याला फारसे विचारत नाही. ताई, तुमच्या घराखालून जाताना ऐकू येईल का?

दांडियाबाजारकर, १६ जुलै, रात्री ८.१०

पावसाळा सुरू झाल्यापासून पियानोच्या मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत, त्यामुळे हात आणि पियानो यांपैकी कोण जास्त आखडलेले आहे हे सांगणे अवघड आहे. एक उत्तर मात्र मिळाले: मे महिन्यात जड वाटणारी पट्टी कोरड्या दिवशी आता जड वाटत नाही.

ग्रीगची ‘अरिएटा’ बसली. शूमन बसले, पण तेथे पेडल मी फार देते असे माझे मलाच ऐकू येते. ‘जिम्नोपेदी’त पहिल्या आठवड्यात मनगट वळवण्याची चूक केलीच, आणि दोन दिवसांत दुखणे परत आले, अगदी सांगितल्याप्रमाणे. मग मी मनगटावर एक रुपयाचे नाणे ठेवून वाजवू लागले. ते पडले की मनगट वळले असे समजायचे. पहिल्या दिवशी ते इतक्या वेळा पियानोखाली गेले की नातवाने त्याचे भाडे मागितले.

मागच्या रविवारी ‘मूनलाइट’चे पहिले पान काढले. डाव्या हाताला एकेकच स्वर, मधल्या बोटाने, पेडलसह. उजवा हात जुन्या आठवणीने पुढे जाऊ पाहतो, पण डाव्याला हे बोट नवीन असल्यामुळे त्याला विचार करावा लागतो आणि तोच उजव्याला मागे ओढतो. विश्वामित्रीकाठ यांनी म्हटलेली पळापळ त्यामुळे झाली नाही. काल चौथ्या बारातले शेवटचे सप्तक पूर्ण घेऊन पाहिले. आज सकाळी हात ठीक होता. पाचव्या बारातला मधला स्वर अजून सोडूनच देते.

जुना_मेट्रोनोम, १७ जुलै, सकाळी ७.००

मधला स्वर सोडला तर कोणाला कळणार नाही. मी काल घरी वाजवून पाहिले.

खर्जातला_सा, १७ जुलै, सकाळी ८.४०

काका, आपण हे लिहिलेत याची मी नोंद घेतली आहे. ताई, सप्तक रोज घेऊ नका. एक दिवस आड, आणि दहा मिनिटांच्या पहिल्या तीन मिनिटांत नको. त्या दोन अडलेल्या पट्ट्यांवर जोर देऊन वाजवण्याची सवय हाताला लागण्याआधी ट्यूनरला बोलवा.

दांडियाबाजारकर, १७ जुलै, दुपारी १.२५

ट्यूनर शनिवारी येणार आहेत. पट्ट्या काढून वाळवायला तीन दिवस लागतील म्हणाले. तोवर कीबोर्डवर सी. पी. ई. बाख, एकट्या डाव्या हाताने.